न बांधलेल्या घराची चोरी

१

केवळाबाईंचं घर चोरीला गेलं, आणि तेही बांधायच्या आधी.

चोरानं कुलूप फोडलं नाही, कारण दारच नव्हतं. भिंतीला भगदाड पाडलं नाही, कारण भिंतही नव्हती. लातुरात आजवर सायकली गेल्या, म्हशी गेल्या, एकदा तर वरातीतली घोडी नवरदेवासकट गेली आणि तीन गावं पलीकडं दुसऱ्याच मांडवात सापडली, असं सांगणारे अजून जिवंत आहेत. पण नसलेलं घर उचलून नेणारा चोर मात्र शहराला नवा होता.

झालं ते असं. औसा रस्त्याच्या आत, काळ्या रानाच्या एका तुकड्यावर, म्हातारपणी पोरांच्या दारात जायचं नाही आणि आश्रमातही जायचं नाही असा हट्ट धरलेली दहा-बारा कुटुंबं मिळून वस्ती उभी करत होती. घर ज्याचं त्याचं, अंगण सगळ्यांचं आणि मधोमध एक मोठं सामाईक स्वयंपाकघर. वस्तीचं नाव 'ढाळज'. जुन्या घरात दारातून आत आलं की गप्पा ठोकायला बसायची जी जागा असते, ती ढाळज. बिल्डर नव्हता. ठरवायचं ते राहणाऱ्यांनीच ठरवायचं. सल्ल्यापुरती तीन जाणकार माणसं धरली होती. नकाशा काढणारा रविकिरण आणि सभा चालवणारी, निरोप पोचवणारी स्वप्नाली हे दोघं नांदेडचे. कायदा बघणारे वकील सिद्धलिंग लातूरचेच.

त्या रविवारी जमिनीवर चुन्याची फक्की मारून पहिल्यांदाच घरं आखली होती. मंडळी सहकुटुंब बघायला आली आणि बघता बघता लहान झाली. चुन्याच्या भिंतीवरून ढांग टाकली की ओरडा व्हायचा, "अहो, दारानं या दारानं!" एका आजोबांनी आपल्या चुन्याच्या न्हाणीत उभं राहून अंगावर खोटं पाणी ओतलं, तर शेजारीण खरोखर पाठ फिरवून उभी राहिली.

महानंदाबाई आपल्या घरात सतरंजी टाकून बसल्या होत्या. मूळ गाव मुदखेड, नोकरी सगळी लातूरच्या एसटी स्टँडवर, कंट्रोलरच्या खोलीत माइकसमोर. त्यांच्या आवाजाला अशी जरब होती की 'उदगीर गाडी फलाटावर लागत आहे' म्हटल्यावर, म्हणे, डेपोत बिघडून पडलेली गाडीही एकदा सुरू झाली होती. त्यांनी पुढं बघितलं तर केवळाबाई हातात प्लास्टिकचं स्टूल घेऊन रेघांमधून फिरत होत्या. जत्रेत चुकलेल्या माणसासारख्या.

"काय ओ केवळाबाई, बसा की घरात जाऊन."

"घर कुठं हाय ते बघून राहिले," केवळाबाई म्हणाल्या. "सैपाकघराला लागून होतं माझं. तितं तर दुकान लिवलंय."

खरंच लिहिलेलं होतं. स्वयंपाकघराच्या कडेला दुकानाची एक खोली ठरली होती. ती फुगून, केवळाबाईंचं घर सगळं गिळून, थेट अंगणाच्या कोपऱ्याला टेकली होती.

"मावशी, तुमचं वर गेलंय," रविकिरण लगबगीनं आला. "दुकानाच्या माथ्यावर. हवा छान येते तिथं."

केवळाबाईंनी आकाशाकडं बघितलं. मग आपल्या गुडघ्यांकडं.

केवळाबाई अर्धापूरच्या. केळीच्या बागेत उभा जन्म गेला आणि त्या ओल्या सऱ्यांनी दोन्ही गुडघे नेले. जिना म्हटलं की त्यांना हिमालय दिसायचा. पोरगा रामकिशन पुण्याला, चौदाव्या मजल्यावर. तिथं एकदा लिफ्ट बंद पडली तेव्हा त्या तीन दिवस खाली उतरल्या नव्हत्या. मायलेकांत एकच करार झाला होता, जमिनीवरचं घर मिळालं तर ती ढाळजेत राहील, नाहीतर मुकाट त्याच्याबरोबर जाईल. रामकिशन पुढच्या रविवारी गाडी घेऊन येणार होता.

पत्र्याच्या शेडमध्ये सभा बसली आणि जो गलका झाला, त्यानं पत्रे तापायच्या आधीच वाजायला लागले.

रविकिरण म्हणाला, दुकान मोठं करायला मलप्पाकाकांनी सांगितलं.

मलप्पा म्हणजे गंजगोलाईतले जुने किराणावाले. वस्तीतलं छोटं दुकान तेच चालवणार, असं सगळ्यांनी परस्पर धरून ठेवलं होतं. ते ताडकन उभे राहिले. "मी? मी सांगितलं? अरे, मी तर दुकानच नको म्हणलो तुला!"

"काका, माझ्या तोंडावर सांगितलंत तुम्ही!"

"तोंडावरच सांगितलं. नको म्हणून!"

"म्हाताऱ्या बाईचं घर खायची हाव सुटली का ओ, अण्णा?" मागून कुणीतरी टोमणा हाणला. मलप्पांचा चेहरा हळदीसारखा पिवळा पडला. बायकोला, शरणम्माला, त्यांनी खूण केली आणि दोघं चुन्याच्या भिंतीबिंती तुडवत निघून गेले.

तेव्हा वकील सिद्धलिंग उठले. गोड माणूस. आवाज तुपात बुडवून काढल्यासारखा. "मी पहिल्यापासून सांगतोय. सगळ्यांनी मिळून ठरवायचं म्हटलं की असंच व्हायचं. पुढच्या रविवारी ठराव करा, सगळी मुखत्यारी आम्हा तिघा सल्लागारांकडं द्या. तुम्ही निवांत राहा. घरं आम्ही उभी करून हातात देतो. केवळामावशींचंही बघतो ना मी." मग सगळ्यांवरून नजर फिरवून म्हणाले, "चला, सभा वाढवू या आता."

मंडळी भराभर उठली, चपला शोधायला लागली. रविकिरण तेवढा खुर्ची पुढं ओढून, पेनाचं टोपण काढून बसला. कामसू पोरगं, महानंदाबाईंना वाटलं.

बाहेर केवळाबाई स्टुलावर बसल्या होत्या, जिथं त्यांचं घर असायला हवं होतं तिथं, म्हणजे आता दुकानात.

"ताई," त्या म्हणाल्या, "तुमी स्टँडवर लई हरवलेली लेकरं शोधली म्हणं. माझं घर शोधता का? रविवारी रामकिशन येतोय."

२

महानंदाबाईंची शोधायची एक रीत होती. स्टँडवर एक गडी एकदा रडत आला की बायको हरवली. काय म्हणाली होती? तर घरी जाते म्हणाली. तो बिचारा औशाच्या गाड्या धुंडाळत होता, कारण त्याचं घर औशाला. बाई मात्र उदगीरच्या गाडीत पदर पसरून बसलेली, माहेरच्या वाटेवर. तेव्हापासून महानंदाबाई समोरच्याला बजावायच्या, "शब्द सांगा. अर्थ मी लावते."

सोमवारी त्या नांदेडच्या गाडीत बसल्या. लोह्यापर्यंत कंडक्टरनं त्यांचं तिकीट फाडलंच नाही, कारण जुन्या कंट्रोलरबाईंना तिकीट विचारायला त्याची जीभ रेटेना. शेवटी त्यांनीच त्याला फटकारून तिकीट घेतलं.

रविकिरणच्या ऑफिसात भिंतभर 'ढाळज'चे नकाशे होते. पोरगं रात्रभर झोपलेलं दिसत नव्हतं.

"मावशी, मी खोटं कशाला बोलू? जागेवर गेलो होतो आम्ही. काका, वकीलसाहेब आणि मी. चहा घेत होतो. मी विचारलं, काका, दुकानाचं काय करायचं? काका म्हणाले मोठं करायचं."

"मोठं कर, असंच म्हणाले? हाच शब्द?"

रविकिरणनं डोकं खाजवलं. "शब्द आता कसा आठवेल? पण मतलब तोच होता. वकीलसाहेबांना विचारा, ते शेजारीच बसले होते. त्यांनी मान पण हलवली."

"आणि केवळाबाईंना तू का नाही विचारलंस?"

"मी राहणाऱ्यांचं ऐकतो, मावशी. आमच्या धंद्यातले लोक आपलंच घोडं पुढं दामटतात, ते मला करायचं नव्हतं. काकांनी सांगितलं, मी काढलं. बाकी निरोप स्वप्नालीकडं असतात." तो खिन्न झाला. "मला वाटलं काकांना धंदा वाढवायचाय. आमच्या घरात कुणी गल्ल्यावर बसलेलं नाही. वडील मास्तर, आई मास्तरीण, आजोबाही मास्तर. दुकानदाराच्या मनातलं मला काय कळणार?"

पोरगं नितळ होतं. पण नितळ पाण्यातही माणूस बुडतो, हे महानंदाबाईंनी गोदावरीच्या काठावर पुष्कळदा बघितलं होतं.

स्वप्नालीचं ऑफिस दोन गल्ल्या सोडून. ती बोलता बोलता फोनवर अंगठे चालवत होती आणि अंगठे तोंडापेक्षा जास्त बोलत होते.

"मी नवा नकाशा ग्रुपवर टाकला, आत्या. सगळ्यांना दोन दिवस दिले. निम्म्यांनी उघडलाही नसेल, पण कुणीच नको म्हटलं नाही. शांत राहिले म्हणजे मान्य, असंच आपलं ठरलंय."

"केवळाबाई ग्रुपवर आहेत?"

"त्यांचा बटणांचा फोन आहे."

"मग त्यांचं शांत राहणं तू कसं ऐकलंस?"

अंगठे थांबले. स्वप्नालीचा चेहरा उतरला. "मी फोन करणारच होते. वकीलसाहेब म्हणाले, म्हातारं माणूस आहे, असं फोनवर सांगू नये, मी समोर बसून सांगतो. मला ते बरोबर वाटलं."

"आणि त्यांनी सांगितलं?"

स्वप्नाली काही बोलली नाही. त्या गप्प राहण्याचा अर्थ मात्र दोघींनाही एकच लागला.

३

वकील सिद्धलिंग कोर्टाच्या कँटीनमध्ये भेटले. महानंदाबाई बसायच्या आत भज्यांची प्लेट आली होती.

"या अक्का. गुप्त पोलीस झालात म्हणे!"

"पोलीस कुठली. घर शोधतेय."

"सांगायचं राहून गेलं हो मावशींना. कोर्टाच्या तारखा! कबूल आहे, चूक माझी." चूक त्यांनी इतक्या सहज कबूल केली की ती चूक वाटेनाच. "पण मुळात हा प्रकारच चुकीचा आहे, अक्का. पेशंटनं ऑपरेशन करायचं आणि डॉक्टरनं बाजूला उभं राहून पंखा हलवायचा, असं चाललंय. एका खिडकीवर तीन सभा होतात! आम्ही शिकलेली माणसं नुसती बसून राहतो. कुणी विचारलं तर बोलायचं."

"सल्लागार म्हणजे तेच ना? विचारल्यावर बोलायचं."

"तेच तर दुखणं आहे." ते हसले, पण भजं जरा जोरात चावलं. "अक्का, मी स्वप्नालीलाही सांगितलं होतं, हे लोक एकदा आपटल्याशिवाय शहाणे होणार नाहीत."

"मलप्पाअण्णा काय बोलले त्या दिवशी?"

वकिलांनी हात पुसले. "रविकिरणनं जे ऐकलं, तेच मी ऐकलं. एक अक्षर कमी नाही, जास्त नाही."

"म्हणजे दुकान मोठं करा म्हणाले."

"रविकिरणनं जे ऐकलं, तेच मी ऐकलं," वकील पुन्हा म्हणाले, अगदी त्याच शब्दांत.

महानंदाबाई भजं खाता खाता थबकल्या. माणूस गप्पा मारताना वाक्य दुसऱ्यांदा बोलला की ते वेगळं होतं. एकही कानामात्रा न हलता पुन्हा येतं ते वाक्य बसवलेलं असतं. माइकसमोर बसून त्यांनी जन्मभर तेच केलं होतं.

"तुमचं घराणंही मलप्पाअण्णांसारखं दुकानाचंच ना?" त्यांनी उठता उठता विचारलं.

"उदगीरला. वडिलांच्या गल्ल्याखाली रांगलो मी. मलप्पामामा माझ्या आईचे मावसभाऊ. अहो, मला बोलायला त्या दुकानानंच शिकवलं."

दाराशी जाऊन महानंदाबाईंनी मागं वळून बघितलं. वकील हसत होते, पण भज्यांची प्लेट त्यांनी दूर सारली होती.

तीन माणसं चहा प्यायला बसली होती. एक म्हणतो मोठं कर सांगितलं, दुसरा म्हणतो नको सांगितलं. तिसरा दोघांपैकी कुणालाच खोटं पाडत नाही. हे तिघं एकाच चहाला बसले होते की नाही?

४

मलप्पांच्या दुकानात त्या गेल्या तेव्हा दिवस मावळत होता. गंजगोलाईत दिवे लागत होते. मलप्पा वजनकाट्याशेजारी पाठ करून बसले होते आणि दुकानाचा सगळा राग एका गुळाच्या ढेपेवर काढत होते.

"अण्णा."

उत्तर नाही.

"बोलणार नाहीत ते," शरणम्मा पोत्यावरून म्हणाल्या. "रविवारपासून कुणाशीच बोलंनात. 'हाव सुटली' म्हणले ना लोक. माज्याशी पण इल्ला. गिऱ्हाईकाशी तेवढं बोलतात."

"शरणम्मा, अण्णा त्या पोराला काय म्हणाले होते?"

"दुकान नको म्हणले. दुसरं काय म्हणतील? अक्का, मी लग्न होऊन आले तवापासून एकटी जेवते. ताट वाढून ठेवायचं आणि वर फडकं टाकायचं. ह्यांनी मला शबूद दिला होता, ढाळजेत गेलो की गल्ला नाही, काटा नाही, दोघं बसून जेवू. मग मोठ्ठं दुकान कशाला मागतील ओ?"

"मग सगळ्यांसमोर आधीच का नाही सांगितलं?"

"लाज. समदे म्हणायचे, अण्णा हायेत, आता दुकानाची काळजी नाही. कसं नाही म्हणायचं? हळूच त्या नकाशेवाल्याला सांगितलं."

"अण्णा," महानंदाबाई पुढं सरकल्या, "अर्थ नको. शब्द सांगा. त्या दिवशीचे शब्द."

मलप्पांनी ढेपेला आणखी एक घाव घातला. "आता शब्दच सोडले मी," ते भिंतीला म्हणाले. "माझ्या शब्दाला घर खायचं तोंड फुटतं म्हणे."

त्यांनी गल्ला आवरला, काटा झाकला आणि शटरला हात घातला. तेवढ्यात पिशवी हलवत एक बाई धावत आली. "अण्णा, अण्णा, अर्धा किलो साखर!"

मलप्पांनी मान हलवली. "वाढवलं दुकान, माय. सकाळी या."

शटर खडखडत खाली आलं. महानंदाबाई तिथंच बाहेरच्या पायरीवर मटकन बसल्या.

"काय झालं ओ अक्का?" शरणम्मा घाबरल्या. "पाणी आणू?"

"शरणम्मा, बंद केलं असं का नाही म्हणाले ते?"

"अय्यो! बंद म्हणतात का दुकानाला? लक्ष्मी ऐकत असती. दुकान वाढवलं म्हणायचं. बांगडी फुटली तर वाढली म्हणतो ना, तसंच."

मलप्पा शटरला कुलूप घालता घालता थांबले. हळूहळू त्यांचं तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं.

"अण्णा," महानंदाबाई म्हणाल्या, "त्या पोरानं विचारलं, दुकानाचं काय करायचं. आणि तुम्ही म्हणालात…"

"दुकान आता वाढवायचं, बाबा," मलप्पा पुटपुटले. "लई झालं."

घर कसं गेलं ते कळलं होतं. पण महानंदाबाईंना त्याचा आनंद होईना. नुसती चूक असती तर ती तिथंच, चहाच्या कपापाशी धरता आली असती. शेजारी बसलेल्या एकाला ते वाक्य पुरतं समजलं होतं.

५

रविवारी रामकिशन सकाळीच आला. शेडबाहेर गाडी लावून, आईची पिशवी मागच्या सीटवर ठेवून, घड्याळ बघत उभा राहिला. केवळाबाई आपल्या स्टुलावर, हात मांडीत घेऊन.

आत मुखत्यारीचा ठराव वाचून झाला होता. बरीच मंडळी सही करायच्या बेतात होती. माणसं कंटाळली होती, आणि कंटाळलेल्या माणसाकडून कशावरही सही घेता येते. वकील सिद्धलिंग शांत बसले होते. मलप्पा आणि शरणम्मा मागच्या रांगेत, कुणाकडंही न बघता.

"सहीच्या आधी एक," महानंदाबाई उठल्या. आणि त्यांनी तो आवाज लावला. पत्र्यावरची कबुतरं उडाली. "सभा वाढवू या!"

खुर्च्या सरकल्या. माणसं उठली. सगळ्यांत आधी उठले ते वकील, कोटाचं बटण लावत. रविकिरण मात्र बसूनच राहिला, चेहरा उत्सुक, पुढचा विषय काय म्हणून.

"जागच्या जागी थांबा," महानंदाबाई म्हणाल्या. माणसं अर्धवट वाकलेली, तशीच थांबली. एसटीच्या दांड्याला लोंबकळल्यासारखी.

"रविकिरण, तू का नाही उठलास?"

"तुम्हीच म्हणालात ना मावशी, सभा वाढवू. म्हणजे अजून चालणार."

हसू फुटलं. महानंदाबाई हसल्या नाहीत. "मागच्या रविवारीही तू बसून राहिला होतास. मला वाटलं, कामसू पोरगं. बाळा, दुकानदाराच्या बोलीत वाढवणं म्हणजे बंद करणं. बंद हा शब्द अशुभ, म्हणून वाढवलं म्हणायचं. आता आठव. मलप्पाअण्णा म्हणाले होते, 'दुकान आता वाढवायचं, बाबा, लई झालं.'"

रविकिरण खुर्चीतून उडालाच. "हेच! हेच शब्द! मला वाटलं गिऱ्हाईक लई झालं!" मग तो मलप्पांकडं वळला आणि कान धरायचे की पाय धरायचे हे न कळून दोन्ही हात हवेत ठेवून उभा राहिला.

"म्हणजे कुणाचंच काही चुकलं नाही!" कुणीतरी सुटकेनं म्हणालं.

"थांबा की. वकीलसाहेब, तुम्ही सगळ्यांच्या आधी का उठलात?"

सिद्धलिंगांचं बटण हातात राहिलं.

"उदगीरच्या गल्ल्याखाली रांगलात तुम्ही. बोलायला दुकानानं शिकवलं, तुम्हीच म्हणालात. मागच्या रविवारी 'सभा वाढवू' हे वाक्य तर तुमच्याच तोंडचं. चहाच्या वेळी अण्णा काय म्हणाले ते तुम्हाला कळलं. पोरानं उलटं घेतलं, तेही कळलं. तुम्ही मान हलवलीत. मग केवळाबाईंना सांगायचं काम मागून घेतलंत आणि सांगितलं नाहीत. तुमचं वाक्य मी पाठ केलंय. रविकिरणनं जे ऐकलं, तेच मी ऐकलं. ऐकलं, वकीलसाहेब. समजलं, असं एकदाही म्हणाला नाहीत."

बाहेर रामकिशनच्या गाडीच्या किल्ल्या वाजल्या.

"मी खोटं बोललेलो नाही," वकील म्हणाले.

"नाही बोललात. म्हणून तर चार दिवस लागले."

सिद्धलिंग बसले. तूप निघून गेलेल्या आवाजात बोलले, "वर्षभर बघतोय मी. प्रत्येक सभेत तेच. मला वाटलं, एकदा घोळ झाला की तुम्हालाच कळेल, जाणत्या माणसाच्या हातात द्यावं म्हणून. नुकसान कुणाचंच करायचं नव्हतं. ठराव झाला की दुसऱ्या दिवशी मावशींचं घर मी परत देणारच होतो."

"वकीलसायेब."

केवळाबाई दारात उभ्या होत्या. चौकटीला धरून, स्टूल मागंच टाकून.

"माझं घर तुमी परत देनारे कोन?"

वकिलांनी समोरचा ठरावाचा कागद उलटा करून ठेवला.

मग व्हायचं ते झालं. निम्मी मंडळी म्हणाली, आत्ताच्या आत्ता यांना काढा. निम्मी म्हणाली, काढा कसं, जमिनीची सगळी कामं यांच्या हातात, नवा वकील येऊन समजून घेईपर्यंत पावसाळा येईल. स्वप्नाली उठली आणि म्हणाली, चूक तिचीही आहे, इथून पुढं जो बोलला नाही त्याच्या दारात ती स्वतः जाईल. मलप्पांनी सगळ्यांसमोर, लाल होत, एकदाचं सांगून टाकलं, "दुकान बंद! बंद म्हणतो मी! ऐकू दे लक्ष्मीला!" शरणम्मानं तोंडात पदर कोंबला, पण डोळे हसत होते.

शेवटी सगळे केवळाबाईंकडं बघायला लागले. घर त्यांचं गेलं होतं.

"कायद्याचं काम त्येला करू द्या," त्या म्हणाल्या. "त्येला येतं ते. पण आपुन ठरवून राहिलो की त्यानं भायेर बसायचं. इचारायचं आसंल तवा हाक मारू. तवा यायचं, सांगायचं, परत भायेर."

"हाव, बरोबर हाय," मागून कुणीतरी म्हणालं, आणि मग सगळेच.

सिद्धलिंग उठले. बाहेर गेले. रामकिशनशेजारी सावलीत उभे राहिले. पाच मिनिटांनी आतून पहिली हाक आली, मुखत्यारीचा ठराव मागं घ्यायचा तर रीत काय? ते आत आले, रीत सांगितली, चोख सांगितली, आणि परत बाहेर गेले. मत द्यायला थांबले नाहीत.

रामकिशननं गाडीचं मागचं दार उघडलं. "आई, ठरलं का काय ते? निघायचं?"

केवळाबाई त्याच्याकडं न जाता रेघांकडं गेल्या. रविकिरण फक्कीचं घमेलं घेऊन मागोमाग. दुकानाच्या रेघा त्यानं पायानंच पुसल्या होत्या आणि त्याचे बूट पांढरे झाले होते.

"मावशी, घर जुन्या जागेवरच आखतो. फक्त दार कुठं ठेवू ते सांगा. आणि तुम्ही सांगाल ते मी आधी माझ्या शब्दांत परत म्हणून दाखवतो, मगच काढतो."

केवळाबाईंनी मोकळ्या काळ्या जमिनीकडं बघितलं. पूर्व कुठली, उत्तर कुठली, कशालाच काही खूण नव्हती. स्वयंपाकघराच्या रेघेपासून त्या हळूहळू आत चालत आल्या, एका जागी थांबल्या, तोंड अंगणाकडं केलं.

"हितं."

"हितं म्हणजे…"

"म्या उभी हाय तितं."

रविकिरण वाकला. उंबऱ्याची रेघ ओढत ओढत त्यांच्या पायापर्यंत आला आणि थांबला.

"मावशी, जरा पाय उचला. रेघ घ्यायचीय."

"पाय न्हाई उचलायची," केवळाबाई म्हणाल्या. "रेघ वळव."

रविकिरणनं वर बघितलं. "रेघ वळवू. म्हणजे तुमच्या पायाच्या बाहेरून."

"हाव."

त्यानं वळवली.